अर्धा आटा

जांबोटीच्या अलीकडे, मलप्रभेच्या काठाला,
बासमतीची कापणी झालेल्या वावरात
बसवंताप्पानं बोट दाखवलं, इथं लावा गाडी.
जागा नदीकडं कललेली.
नुसत्या डोळ्याला कळत नाही,
तांब्यातलं पाणी सांडलं की ते कुठं धावतं त्यावरून कळतं.

उद्यमबागेत चौतीस वर्षं लेथवर काढली मी.
केसाचा दहावा भाग कसा धरायचा, हाताला ठाऊक.
फंडाच्या पैशातून चासी घेतली, पत्रा घेतला,
दोन बर्थ, एक शेगडी, खिडकीला तिनं शिवलेला पडदा.
भाऊबंद म्हणाले, याचा आटा सैल झालाय.
झाला असंल.

गेल्या श्रावणात द्रौपदाच्या कानातले खडे सरकले.
डॉक्टरांनी कागदावर गोगलगाय काढून दाखवली.
म्हणाले, आत बारीक खडे असतात, प्रत्येकाच्याच.
जागचे हलले की जमीन हलते.
तेव्हापासून ती भिंत धरून चालते.
कूस बदलताना आधी विचारते,
कुणाला, ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून घाई नाही.
आधी आडवं, मग उभं.
नदीकडच्या चाकापुढं सागवानी फळी, तिच्यावर दुसरी.
मी जीपमध्ये, बसवंताप्पा समोर हात हलवत,
"स्वल्प मुंद… स्वल्प… साकु, साकु!"
चाक फळीवर चढतं. ती दारात पाणसळ धरून.
"कुठं हाय बुडबुडा?"
"डोंगराकडं."
तिसरी फळी.
"आता?"
"आता नदीकडं."
"किती?"
"तांदळाएवढा."

तांदूळ म्हणजे किती,
हे चौतीस वर्षांत कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हतं.
मी तिसरी फळी काढली, पत्र्याचा तुकडा सरकवला.
ती काही बोलली नाही. म्हणजे जमलं.

चाकांना दोन्हीकडून पाचरा. मग जीप सोडवली.
पुढचा जॅक फिरवत फिरवत गाडीचं नाक खाली आणलं.
शेवटी चार कोपऱ्यांचे चार पाय.
इथंच सगळे चुकतात.
या पायांनी गाडी उचलायची नसते.
भार चाकांचा चाकांनीच घ्यायचा.
पायांनी जमिनीला नुसतं टेकायचं,
आत कुणी चाललं तर डुलू द्यायचं नाही, एवढंच.
हे मी बसवंताप्पाला समजावून सांगितलं.
तो म्हणाला, "अष्टे री. तेवढंच की,"
आणि बिडी पेटवून नदीकडं बघत राहिला.

बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध.
ओट्यावर लाटणं ठेवलं, ते हललं नाही.
ती आत गेली, बर्थची कड धरून बसली.
"झालं न्हवं?"
"झालं," म्हणाली.
कड सोडली नाही.

रात्री लांब कुणीतरी
गवे हाकलायला पत्र्याचा डबा बडवत होतं.
मधे थांबायचं, पुन्हा बडवायचं.
तिनं कूस बदलली.
"फिरलं वो," म्हणाली, झोपेत की जागी.
मी टॉर्च घेऊन उतरलो.
दवानं तांबडी माती पायाला चिकटत होती.
तिच्या उशाकडचा पाय बघितला,
बोटभरही रुतला नव्हता.
तरी हँडल लावलं.
अर्धा आटा आवळला,
कर्रर्र आवाज तिला ऐकू जाईल असा.

आतून आलं, "आता बरं हाय."

पाणसळ काढून बघितली नाही मी.
पायरीवर बसून राहिलो, डब्याचा आवाज बंद होईपर्यंत.
पहाटे, ती उठायच्या आत,
तेवढाच आटा हळूच सोडला.